चार लाखांचे शुल्क आणि कॉलेजचे नाव: तासगावच्या एका पालकांना उत्तर

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलीला सीईटीमध्ये ९५ पर्सेंटाइल आहेत. कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिल, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या मध्यम विनाअनुदानित महाविद्यालयात कॉम्प्युटर मिळण्याजोगे आहे. दरम्यान पुण्याच्याच एका खासगी विद्यापीठाने वर्षाला चार लाख रुपये शुल्कावर कॉम्प्युटरची जागा देऊ केली असून, 'आठ दिवसांत पन्नास हजार भरून जागा पक्की करा' असे फोन येत आहेत. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, मुलीकडे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गाचे प्रमाणपत्र आहे, धाकटा मुलगा दहावीत आहे, आणि 'नाव मोठे असल्यामुळे एक एकर काढून टाकावा का' असे तुम्ही विचारले आहे.

एकर काढू नये, हे आधीच सांगतो. मात्र 'परवडत नाही म्हणून नको' एवढ्यावर हा विषय संपत नाही, कारण परवडत नसतानाही घ्यावीत अशी काही नावे असतात आणि ऐपत असूनही ज्यांना पैसे मोजू नयेत अशीही असतात. सांगली-मिरजेत बँकेत बसून शैक्षणिक कर्जे मंजूर करण्यात आणि पुढे वसूल करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर दर जून-जुलैत पालकांना पसंतीक्रमाचा अर्ज भरायला मदत करतो. या दोन्ही कामांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पालक दोन महाविद्यालयांच्या नावांची तुलना करतात, दोन खर्चांची वेगळी तुलना करतात, पण या दोन पर्यायांच्या खर्चात जो फरक पडतो त्या फरकाच्या रकमेत नेमके काय विकत मिळते, हे क्वचितच कोणी विचारतो.

आधी खर्च पाहू, कारण तुमच्या कागदावरचा हिशेब चुकीच्या आकड्यांवर उभा आहे. तुम्ही पुण्याच्या विनाअनुदानित महाविद्यालयाचे माहितीपत्रकातले पूर्ण शुल्क धरले आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शैक्षणिक व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. त्याआधी ती पन्नास टक्के होती. ही सवलत विनाअनुदानित महाविद्यालयांनाही लागू आहे. मात्र खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळली आहेत, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशालाही ती मिळत नाही. याचा अर्थ, तुम्हाला फोन येत असलेल्या विद्यापीठात पाऊल टाकताच मुलगी एका मोठ्या सवलतीवर पाणी सोडते. ही गोष्ट फोन करणारी व्यक्ती सांगणार नाही. ते तिचे कामही नाही.

शिक्षण शुल्क माफ झाले म्हणजे सगळेच फुकट झाले, असेही समजू नका. विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्यात शिक्षण शुल्काबरोबर विकास शुल्कही असते. ते विकास शुल्क, अनामत आणि वसतिगृह-मेस तुमच्याच खिशातून जाते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय मंजूर शुल्क पाहायला मिळते. प्रवेशाच्या खिडकीवर त्याहून जास्त आकडा सांगितला, तर तो कशाचा आहे हे लेखी मागावे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नये. कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

आता तुमचे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवू. पुण्यात खोली, मेस, प्रवास, पुस्तके आणि लॅपटॉपचा वाटा धरून वर्षाला सव्वा लाख हा काटकसरीचा आकडा आहे. खासगी विद्यापीठात चार वर्षांचे शुल्क सोळा लाख आणि राहण्याचे पाच, मिळून एकवीस लाख होतात, आणि तेही शुल्क दरवर्षी वाढले नाही तर. पुण्यातलेच कॅपचे कॉम्प्युटर विकास शुल्कासह चार वर्षांत सहा लाखांच्या आसपास बसेल. वालचंद विश्रामबागेत, म्हणजे तुमच्या घरापासून एसटीच्या टप्प्यात आहे. मुलगी वसतिगृहात राहिली तरी तीन-साडेतीन लाखांत चार वर्षे निघतील, आणि एसटीच्या सवलतीच्या पासावर ये-जा केली तर त्याहून कमी. एकवीस, सहा आणि तीन. विद्यापीठाचे कॉम्प्युटर आणि कॅपचे कॉम्प्युटर यांच्यात पंधरा लाखांचा फरक आहे. शहर तेच, शाखा तीच, अभ्यासक्रमही बव्हंशी तोच, मग हे पंधरा लाख कशाचे?

नावाचे, असे उत्तर येईल. नावाला किंमत असते, हे मी नाकारत नाही. अभियांत्रिकीत चांगल्या नावाचा उपयोग प्रामुख्याने तीन ठिकाणी होतो. पहिली नोकरी देणाऱ्या कंपन्या कोणत्या आवारात येतात, हे नावावर ठरते. चार वर्षे शेजारच्या बाकावर कोण बसते, हेही नावावर ठरते, कारण चुरशीच्या यादीतून आलेली मुले एकमेकांना ओढत नेतात. आणि दहा-वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेले माजी विद्यार्थी आज कुठे बसले आहेत, त्याचा फायदा इंटर्नशिपपासून शिफारशीपर्यंत होतो. पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय सीओईपी १८५४ पासूनचे, वालचंद १९४७ पासूनचे आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे. या संस्थांमागे माजी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या उभ्या आहेत. नव्या संस्थेची इमारत कितीही चकचकीत असली तरी हे भांडवल जाहिरातीतून उभे राहत नाही.

हा भेद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी मिळाली आणि शेतकऱ्यांची हजारो मुले अभियंता झाली, ज्यांना एरवी कर्नाटकात देणगी भरून जावे लागले असते. त्यांतल्या काही संस्थांनी पुढे स्वतःचे नाव कमावले, काहींच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. त्यामुळे 'सरकारी चांगले, खासगी वाईट' असा सरसकट शेरा मी मारणार नाही. पाहायचे ते एवढेच, की नाव वरच्या तीन कारणांमुळे आहे की महामार्गावरच्या फलकांमुळे.

ते ओळखायचे कसे? प्लेसमेंटच्या जाहिरातीपासून सुरुवात करा, पण ती उलटी वाचा. माहितीपत्रकावर ४० लाखांच्या पॅकेजसह एका मुलाचा फोटो असतो. तासगावच्या बेदाणा सौद्यात निघालेला सर्वांत चढा दर वर्तमानपत्रात छापून येतो, पण तुमच्या मालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) त्या दराने निघत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सरासरी पॅकेजही फसवते, कारण दोन-चार मोठे आकडे ते वर ओढतात. तुम्ही मध्यक विचारा: नोकरी मिळालेल्या मुलांना पगाराच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले? एनआयआरएफ या केंद्र शासनाच्या मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि तिच्यात किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरीचा मध्यक पगार किती, हे वर्षवार दिलेले असते.

मी पालकांना ते पान समोर उघडून दाखवतो. समजा एका संस्थेतून ८०० विद्यार्थी पदवीधर झाले, ३६० जणांना नोकरी लागली, ६० पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार साडेचार लाख दाखवला आहे. तो मध्यक त्या ३६० जणांचा आहे. उरलेले ३८० जण त्या आकड्यात कुठेच नाहीत. जाहिरातीत मात्र 'पंच्याण्णव टक्के प्लेसमेंट' असू शकते, कारण तिथे भागाकार 'पात्र विद्यार्थ्यां'नी केलेला असतो, आणि पात्र कोणाला म्हणायचे हे संस्थाच ठरवते. शिवाय हा आकडा सगळ्या शाखांचा मिळून असतो. म्हणून मुलीने त्याच शाखेत तिसऱ्या-चौथ्या वर्षात शिकणाऱ्या दोन मुलींना गाठून, तुमच्या वर्गातल्या किती जणींना आवारातूनच नोकरी लागली आणि कोणत्या कंपनीत, एवढेच विचारावे. महाविद्यालयाने ज्यांचे नंबर दिले त्यांना नव्हे, गावच्या ओळखीतून मिळालेल्यांना विचारावे. या एका चौकशीतून जे कळते ते खुल्या दिवसाच्या कार्यक्रमात कळत नाही.

मानांकनांबद्दल थोडेच सांगतो. नॅक आणि एनबीए या मूल्यांकन करणाऱ्या संस्थांपैकी नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते आणि एनबीएचे मूल्यांकन शाखेनुसार असते, त्यामुळे तुम्ही घेत असलेल्या शाखेला एनबीए आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. मासिकांच्या याद्या वाचण्यात वेळ घालवू नका.

आता कर्जाकडे येतो, कारण 'एकवीस लाखांपैकी दहा लाख बँकेचे, बाकी एकर विकून' असा तुमचा बेत आहे. दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे चार हप्त्यांत दहा लाख उचलले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर अभ्यासक्रम अधिक एक वर्ष या हप्ता न भरण्याच्या सवलतीच्या काळात व्याज चढत राहते: पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळव्याजानेच ते साडेतीन लाख होते. मुलगी हप्ता सुरू करेल त्या दिवशी कर्ज साडेतेरा लाखांवर गेलेले असेल आणि दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता १७,८४० रुपये बसेल. परतफेड एकूण एकवीस लाखांच्या वर. मोठ्या आयटी कंपन्या मोठ्या संख्येने घेतात त्या नवख्या अभियंत्यांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, म्हणजे हातात महिना पंचवीस ते अठ्ठावीस हजार येतात. त्यातले अठरा हजार बँकेला गेले, तर पुण्यात राहण्याचे भाडेही तुम्हालाच पाठवावे लागेल. वसुलीच्या टेबलावर मी अशी मुले पाहिली आहेत. ती हुशार होती, नोकरीतही होती, पण पहिली तीन-चार वर्षे पगार बँकेत येतो आणि जातो एवढेच त्यांनी पाहिले, आणि त्या धाकाने पुढचे शिक्षण किंवा चांगली पण कमी पगाराची संधी सोडून दिली.

म्हणून मी मर्यादा उलट्या बाजूने काढतो. त्या शाखेतल्या मधल्या मुलाच्या हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून हप्ता मोठा नसावा. हातात सत्तावीस हजार धरले तर हप्ता आठ-नऊ हजार, आणि त्यावरून मागे हिशेब केला तर उचलायचे कर्ज साडेचार ते पाच लाख. याहून जास्त कर्ज काढायचे असेल, तर त्या संस्थेचा मध्यक पगारही तेवढा वर असल्याचे कागदावर दिसले पाहिजे. सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय महाविद्यालयाचे कॉम्प्युटर मिळत असते, तर मी स्वतः तुम्हाला कर्जाच्या अर्जावर सही करा म्हटले असते.

तारणाचेही ध्यानात घ्या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे मालमत्तेचे तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार म्हणून पुरतात. त्यावर गेलात की तारण हवे, आणि तिथे शेतकरी अडतो. वसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे सातबाऱ्यावर शैक्षणिक कर्ज द्यायला बँका नाखूश असतात, बिगरशेती प्लॉट किंवा घर मागतात. मग शिल्लक राहते पतसंस्था, जिचा दर बँकेपेक्षा चढा असतो आणि जी शिक्षण संपेपर्यंत थांबत नाही; तिचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. तुमच्या पैशाचा हंगामही शुल्काच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. शुल्क ऑगस्टमध्ये भरायचे, द्राक्षाचे पैसे येतात फेब्रुवारीनंतर, उसाचा पहिला हप्ता दिवाळीनंतर कधीतरी, आणि द्राक्षवेलींची उन्हाळ्यातली खरड छाटणी ते ऑक्टोबर छाटणी या काळात बाग फक्त पैसे मागते. चार लाखांचे शुल्क दर ऑगस्टला हातउसनवारीने भरावे लागेल, आणि एका अवकाळीने तो सगळा क्रम मोडेल.

व्याजाच्या सवलती आहेत, त्या जरूर तपासा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त तांत्रिक शिक्षणासाठी सवलतीच्या काळातले पूर्ण व्याज केंद्र शासन भरते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, ठरलेल्या यादीतल्या दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश घेतल्यास विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सवलत आहे. तुम्हाला फोन करणारे विद्यापीठ त्या यादीत आहे का, हा प्रश्न त्याच फोनवर विचारून पाहा.

मग उरतात दोन खरे पर्याय: वालचंदचे इलेक्ट्रिकल आणि पुण्यातले कॅपचे कॉम्प्युटर. इथे खर्चाचा फरक तीन लाखांच्या आसपास आहे, त्यामुळे निर्णय पैशावर करू नये. लोक म्हणतात, कॉम्प्युटर म्हणजे नोकरी. माझे मत वेगळे आहे. सॉफ्टवेअर कंपन्या बहुतेक ठिकाणी सगळ्या शाखांच्या मुलांना परीक्षेला बसू देतात, त्यामुळे चांगल्या आवारातल्या इलेक्ट्रिकलच्या मुलीसमोर सॉफ्टवेअरही असते आणि महावितरण-महापारेषणसारख्या कंपन्यांच्या भरत्या, पदव्युत्तर प्रवेशाची गेट परीक्षा आणि सौरऊर्जेचे वाढते कामही असते. कॉम्प्युटरच्या जागा गेल्या काही वर्षांत भरमसाट वाढल्या आहेत आणि मध्यम महाविद्यालयातली गर्दी त्याच नोकऱ्यांसाठी उभी आहे. तरीही मुलगी अकरावीपासून स्वतःहून प्रोग्रॅम लिहीत असेल, तिला विजेच्या यंत्रांत अजिबात रस नसेल, तर तिला पुण्याला जाऊ द्या. 'कॉम्प्युटर हवे' हे तिचे मत आहे की मैत्रिणींचे, एवढे तिला एकटीला बसवून विचारा. भावकीत सांगायला कोणते नाव बरे वाटते, हा मुद्दा या बैठकीत आणू नका.

नावाचे हे गणित प्रत्येक क्षेत्रात असेच चालत नाही. एमबीबीएसला महाविद्यालय कोणतेही असले तरी नोंदणी तीच मिळते, त्यामुळे तिथे नावासाठी जास्त पैसे मोजण्याला फारसा अर्थ नाही. शासकीय जागा मिळाली की प्रश्न संपतो. सीए करणाऱ्याला बीकॉम कुठून केले हे कोणी विचारत नाही. उलट व्यवस्थापन पदविकेला नावाशिवाय जवळजवळ काहीच नसते.

करायचे ते आता क्रमाने. विद्यापीठाला पन्नास हजार भरू नका. भरलेच असतील तर प्रवेश रद्द केल्यास परताव्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) परिपत्रक दरवर्षी निघते, त्यातली मुदत पाहून लेखी अर्ज द्या. पसंतीक्रम खरा ठेवा, कारण पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो स्वीकारावाच लागतो आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या तारखा आजच पाहा. दर वर्षी गुणांमुळे नव्हे तर वैधता वेळेत न आल्यामुळे काही मुलींची सवलत अडते. शुल्क सवलतीसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो, आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते.

धाकट्याचेही सांगून ठेवतो, कारण तुमच्या पत्रात तो एका ओळीतच आला आहे. मुलींची शंभर टक्के सवलत त्याला नाही. याच उत्पन्नगटात मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मीच सवलत मिळते. म्हणजे घरातले महागडे शिक्षण तुमच्या मुलीचे नव्हे, त्याचे ठरण्याची शक्यता आहे. त्याला गणित-यंत्रांची आवड असेल तर दहावीनंतर मिरज किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा अर्ज भरून ठेवा. तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पदवीचे एक वर्षाचे शुल्क वाचते. बारावीमार्गे गेला तर शिक्षण शुल्क माफ असलेल्या टीएफडब्ल्यूएसच्या जागांचा पर्याय अर्जात टाकायला सांगा. त्या थोड्या असतात, आणि एकदा घेतली की महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही.